जाड स्लॅब सेरिफ अक्षर: दुकानाच्या पाटीवर आणि केळीच्या खोक्यावर कसे वापरावे

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याच्या बाजारपेठेत पाट्या आणि खोक्यांची छपाई करून देणाऱ्यांकडे गिऱ्हाईक आले की त्याची पहिली मागणी बहुधा एकच असते: नाव ठसठशीत दिसले पाहिजे. इंग्रजी नावापुरते बोलायचे, तर ही मागणी पुरी करणारा माझ्या मते सर्वांत भरवशाचा अक्षरप्रकार म्हणजे जाड स्लॅब सेरिफ होय. परंतु तो मोजक्या शब्दांसाठी आणि मोकळ्या जागेतच शोभतो.

सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकाला असलेली छोटी आडवी बैठक. पुस्तकी छपाईच्या अक्षरांत ही बैठक टोकाकडे निमुळती होत जाते. स्लॅबमध्ये मात्र ती फरशीसारखी चौकोनी असते आणि जाडीला उभ्या दांड्याच्या जवळपास जाते. इंग्रजी मोठा ‘आय’ जवळून पाहावा: वर एक फरशी, खाली एक फरशी आणि मधे खांब. लंडनचे छपाईचे खिळे ओतणारे व्हिन्सेंट फिगिन्स यांनी 1815 च्या सुमारास अशी अक्षरे विक्रीस आणली, ती जाहिरातींचे मोठे कागद भिंतींवर झळकू लागले होते त्या काळात; म्हणजे या अक्षराचा जन्मच दुरून वाचले जाण्यासाठी झाला.

निवड करताना खांब आणि फरशी जिथे मिळतात तो कोपरा पाहावा. 1845 च्या क्लॅरेंडन या फॉन्टमध्ये तिथे हलकी गोलाई आहे, तर मोनोटाइप कंपनीच्या 1934 च्या रॉकवेल फॉन्टमध्ये सरळ काटकोन आहे. मिठाई, कापड किंवा खानावळीसाठी मी गोलाईचे वळण घेतो. जिनिंग, पाइप आणि यंत्रसामग्रीच्या दुकानांना काटकोनाचे वळण शोभते.

आकार ठरवताना दर दहा फूट अंतरास एक इंच उंची हा पाटीवाल्यांचा ढोबळ हिशेब उपयोगी पडतो. रस्त्याच्या पलीकडचा माणूस साठ फुटांवर असेल, तर अक्षर सहा इंचांपेक्षा लहान नसावे. नाव लांब असल्यास अक्षर आडवे दाबू नये आणि छोटे असल्यास ताणूही नये. आडवे ताणले की उभे खांब जाड होतात, पण फरश्यांची जाडी तीच राहते, आणि स्लॅबची सगळी ताकद ज्या समतोलात असते तो तिथेच बिघडतो. जाडी वाढवण्यासाठी कोरलड्रॉ या संगणकावरील रेखाटन-प्रणालीत अक्षराभोवती त्याच रंगाची रेघ ओढण्याची सवयही सोडावी, कारण तिने अक्षराच्या आतल्या पोकळ्या बुजतात. त्याऐवजी त्याच फॉन्टची अधिक जाड आवृत्ती घ्यावी.

शेजारशेजारच्या अक्षरांच्या फरश्या एकमेकींना चिकटू पाहतात, म्हणून अंतर संगणकावर न सोडता डोळ्यांनी जुळवावे. दोन उभ्या खांबांमध्ये थोडी जास्त फट ठेवावी, आणि ‘एल’नंतर ‘टी’ किंवा ‘ए’नंतर ‘व्ही’ आल्यास ती कमी करावी.

खरी कसोटी मराठी नाव जोडीला येते तेव्हा लागते. देवनागरीत सेरिफ नाही. तिथे आडवा भार शिरोरेखा वाहते. काही जण हट्टाने कान्याच्या तळाशी फरशी जोडायला सांगतात, पण ती दुरून पाय मोडल्यासारखी भासते, म्हणून मी नम्रपणे नकार देतो. त्याऐवजी कान्याची जाडी इंग्रजीच्या खांबाएवढी दिसेल असा फॉन्ट निवडावा. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या ‘मुक्ता’ फॉन्टची सर्वांत जाड आवृत्ती किंवा त्यांचाच ‘बालू’ यासाठी चांगला चालतो. फॉन्टकार सोल मातास यांच्या ‘कडवा’ फॉन्टमध्ये तर देवनागरी आणि स्लॅब वळणाची इंग्रजी अक्षरे एकत्रच मिळतात. हे तिन्ही मोफत आहेत. दोन्ही लिप्यांना एकच पॉइंट, म्हणजे फॉन्टचे एकच माप, देऊन भागत नाही. शिरोरेखेपासून कान्याच्या तळापर्यंतची उंची इंग्रजी मोठ्या अक्षराएवढी होईपर्यंत मराठी वाढवावे. शिवाय दुकाने व आस्थापना कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीनंतर राज्यातील प्रत्येक दुकानाच्या पाटीवर मराठी नाव सुरुवातीला असणे आणि त्याची अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसणे बंधनकारक झाले आहे. त्यामुळे आधी मराठी ओळ मांडावी आणि तिच्या मापाने इंग्रजी बसवावे. मराठी ओळीच्या वर रफार-मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा राखावी. इंग्रजी मोठी अक्षरे जेवढी दाटीने रचता येतात, तेवढी मराठी रचता येत नाहीत.

खोक्याचा मामला वेगळा आहे. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी मी सर्वांत जाड स्लॅब वापरला होता आणि पडद्यावर तो देखणा दिसत होता. पुठ्ठ्यावर छापून आला तेव्हा ‘ए’ आणि ‘बी’मधल्या पोकळ्या शाईने भरून गेल्या होत्या, आणि ‘बनाना’ हा शब्द काळ्या ठोकळ्यांची रांग वाटत होता. चूक माझीच होती: नालीदार पुठ्ठा शाई शोषतो आणि छपाईचा मऊ ठसा दाबाखाली पसरतो, हे मी हिशेबात धरले नव्हते. त्या दिवसापासून खोक्यासाठी मी एक पायरी कमी जाडीची आवृत्ती घेतो आणि अक्षरांमधली फट पाटीपेक्षा थोडी वाढवतो. वजन, प्रत आणि पत्ता यांसारखा बारीक मजकूर स्लॅबमध्ये न घालता साध्या, बिनसेरिफ अक्षरात ठेवावा. हजारो खोक्यांची ऑर्डर देण्याआधी नमुना पांढऱ्या कागदावर न मागता त्याच तपकिरी पुठ्ठ्यावर मागावा, आणि तो हातात धरून न पाहता, ट्रकमधल्या थप्पीत दिसेल तसा पंधरा-वीस पावलांवरून पाहावा.