२^६४ − १ : वीस अंकी संख्येची कुंडली कागदावर कशी मांडावी

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार... चौसष्ट घरांची बेरीज होते २^६४ − १, म्हणजे २ चा ६४वा घात वजा एक. राजाची फजिती झाली की गोष्ट संपते, संख्येकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ती ही:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

‘लीलावती’तली संख्यास्थानांची नावं परार्धावर, म्हणजे १ वर १७ शून्यांवर थांबतात. आपली संख्या १८४ परार्धांच्याही वर आहे.

हिचे गुणधर्म शोधायला एक्सेल उघडू नका. ते १५ अंक ठेवतं आणि पुढे शून्यं भरतं. शेवटची पाच शून्यं बघून ‘१० ने भाग जातो’ म्हणालात तर झालं कल्याण! कागद-पेन्सिल घ्या.

पायरी १: अंक किती?
२ चा (१० पायाचा) लॉग ०.३०१०३. त्याला ६४ ने गुणलं की सुमारे १९.२७ येतात. पूर्णांकी भाग १९, त्यात १ मिळवला की अंक वीस.

पायरी २: शेवटचा अंक
२ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. ६४ ला ४ ने भाग जातो, म्हणून २^६४ च्या शेवटी ६ आणि आपल्या संख्येच्या शेवटी ५. अर्थात ५ ने भाग जातो. पूर्ण वर्ग मात्र ही नाही: ५ ने संपणारा वर्ग २५ नेच संपतो, इथे १५ आहे.

पायरी ३: अंकांची बेरीज
बेरीज ८७. म्हणून ३ ने भाग जातो, ९ ने नाही.

पायरी ४: अवयव
खरी मजा इथे आहे. वीस अंक विसरा, रूप बघा. शाळेतलं अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) हेच सूत्र पुन्हा पुन्हा लावा:

२^६४ − १ = (२^३२ + १)(२^१६ + १)(२^८ + १)(२^४ + १)(२^२ + १)(२ + १)

उजवीकडून वाचलं तर ३, ५, १७, २५७, ६५५३७. या पाचही मूळ संख्या, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज कशानेच भाग न जाणाऱ्या. उरतो ४२९४९६७२९७. सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा, त्याला वाटायचं की तोही मूळच असणार. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितीने ते खोटं ठरवलं. त्याची युक्ती अशी, की २^३२ + १ चा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असतो. म्हणजे अशा संख्यांतल्या फक्त मूळ संख्या तपासायला उरतात: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्यालाच मासा गळाला लागतो.

६४१ ने भाग जातो हे बघायला दहा अंकी भागाकार कशाला? फक्त बाक्यांचे वर्ग करत चला. २^८ = २५६. त्याचा वर्ग ६५५३६, त्याला ६४१ ने भागलं की बाकी १५४. १५४ चा वर्ग २३७१६, बाकी ६४०. म्हणजे २^३२ ची बाकी ६४०, त्यात १ मिळवला की ६४१, भाग निःशेष! दुसरा अवयव येतो ६७००४१७.

हाही मूळ आहे. त्याचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास, त्यामुळे त्याच साच्यातल्या ६४१ पासून २५६१ पर्यंतच्या मोजक्याच संख्या तपासाव्या लागतात. चिकाटी असेल तर एका बैठकीत होतं.

पायरी ५: विभाजक मोजा
सात मूळ अवयव, एकही दोनदा नाही. प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून एकूण विभाजक २^७ = १२८. ताळा करायचा असेल तर पायथन या संगणकीय भाषेत 
3*5*17*257*641*65537*6700417 हा गुणाकार द्या. तो पूर्णांकांचा एकही अंक गाळत नाही.