पट्टीवरचं केशरी कार्ड

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलासाठी अनेकदा दिवसाची कामं क्रमाने दाखवणारी चित्रांची पट्टी लावतात आणि तो क्रम ठरलेला असतो. रिक्षावाले काका आले नाहीत की सगळी सकाळ कोलमडू शकते. असा बदल पट्टीवर दाखवायला एक वेगळं कार्ड ठेवा आणि त्याची सवय हळूहळू लावा.

१. केशरी पुठ्ठ्याचं, मागे वेल्क्रो लावलेलं ‘बदल’ कार्ड करा. तो रंग दुसऱ्या कुठल्याच कार्डाला नको.

२. पहिले दोन आठवडे ते फक्त आवडत्या बदलाला लावा: अभ्यासाच्या जागी झोपाळा. जुनं चित्र मुलानेच काढून ‘नंतर’ लिहिलेल्या खिशात ठेवायचं, म्हणजे ते हरवलं नाही हे त्याला दिसतं.

३. मग साधे बदल: आधी अंघोळ, मग दात. खाण्यातले बदल इतक्यात नकोत, ते बऱ्याच मुलांना फार जड जातात.

४. नकोसा बदल शेवटी.

पहिल्याच दिवशी ‘आज बाग नाही’ सांगायला हे कार्ड वापरलंत, तर मूल केशरी रंगालाच घाबरू लागू शकतं.