लिनक्सवर विंडो राखाडी उघडली तर आधी एन्व्हायर्नमेंट बघा

डेस्कटॉप ॲपच्या सपोर्टमधे नवीन आलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. जळगाव-धुळ्याकडचे बरेच जण आता या कामात येऊन ऱ्हायले आणि जवळपास सगळे एकाच जागी अडकतात, मी पण तिथेच लय दिवस अडकून होतो.

माझ्याकडे दालमिलचं बिलिंग सॉफ्टवेअर होतं, जावा स्विंगमधलं, म्हणजे जावाच्या खिडक्या-बटनांच्या लायब्ररीत लिहिलेलं. ग्नोमवर, म्हणजे पूर्ण डेस्कटॉपवर एकदम नीट, पण डीडब्ल्यूएम या साध्या विंडो मॅनेजरवर उघडलं की नुसती राखाडी विंडो, बटन नाही की मेनू नाही. ॲपमधे काहीच बिघाड नसतो. विंडो मॅनेजर म्हणजे स्क्रीनवर विंडो मांडणारा प्रोग्राम. बहुतेक विंडो मॅनेजर ॲपची विंडो स्वतःच्या चौकटीत बसवतात, त्याला रिपेरेंटिंग म्हणतात. डीडब्ल्यूएम, एक्समोनॅड, बीएसपीडब्ल्यूएम तसं करत नाहीत आणि जावा त्या चौकटीचा हिशोब धरून बसतं. उपाय म्हणजे एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे ॲप सुरू होताना त्याला मिळणारी सेटिंग. नाव जावा एडब्ल्यूटी डब्ल्यूएम नॉनरिपेरेंटिंग, सगळं कॅपिटल, शब्दांच्या मधे अंडरस्कोर आणि नावाच्या अगदी सुरुवातीला पण एक अंडरस्कोर, किंमत १. सुरुवातीचा अंडरस्कोर राहिला तर काहीच होत नाही आणि एरर पण येत नाही.

आता खरा सापळा, हे सावकाश वाचा. सगळे जण ते व्हेरिएबल बॅशआरसीमधे, म्हणजे बॅश शेलच्या सेटिंग फाईलमधे टाकतात. टर्मिनलमधून ॲप चालवलं की झकास उघडतं, तुम्ही क्लायंटला फोन करून सांगता झालं म्हणून, तो डीमेनूतून, म्हणजे ॲप उघडायच्या मेनूतून उघडतो आणि परत राखाडी! कारण बॅशआरसी वाचतं ते टर्मिनलमधलं बॅश. डीमेनू सुरू होतो विंडो मॅनेजरकडून, विंडो मॅनेजर सुरू होतो लॉगिन सेशनमधून, आणि त्या साखळीत बॅशआरसी सहसा येतच नाही. एन्व्हायर्नमेंट आईबापाकडून लेकराला जातं, शेजाऱ्याकडून येत नाही. म्हणून स्टार्टएक्स कमांडने ग्राफिक्स चालू करत असाल तर त्याच्या एक्सइनिटआरसी फाईलमधे, विंडो मॅनेजरच्या ओळीच्या वर टाका. लॉगिन स्क्रीन असेल तर एक्सप्रोफाईलमधे, म्हणजे लॉगिन होताना वाचल्या जाणाऱ्या फाईलमधे, आणि मग लॉगआउट करून परत लॉगिन करा, नुसती विंडो बंद करून उघडून उपयोग नाही. एकाच ॲपसाठी पाहिजे असेल आणि ते डेस्कटॉप फाईलवरून उघडत असेल तर त्या फाईलमधे एक्झेकच्या ओळीत एनव्ह कमांड लावून द्या.

आणि अंदाज लावत बसू नका भो. ॲप चालू असताना प्रॉक फोल्डरमधे त्याच्या पीआयडीचं, म्हणजे प्रोसेसच्या नंबरचं फोल्डर असतं, त्यात एन्व्हायरन नावाची फाईल. ॲप सुरू होताना त्याला नेमकं काय मिळालं ते सगळं तिच्यात दिसतं. व्हेरिएबल तिथे नसेल तर ॲपपर्यंत पोचलंच नाही, वाद संपला.

दुसऱ्याच्या तयार डॉटफाईल्स, म्हणजे असल्या सेटिंग फाईली उचलून आणू नका, हे मी कडक सांगतो. त्यात कुठली ओळ कशासाठी आहे ते तुम्हाला माहीत नसतं आणि बिघडलं की शोधायचं कुठे तेही कळत नाही. गुरू पण असा धरा जो उत्तर देण्याआधी "आउटपुट दाखव" म्हणेल. यासाठी पुण्यात क्लास लावायची काही गरज नाही, घरच्या जुन्या लॅपटॉपवर दोन विंडो मॅनेजर टाका आणि तेच ॲप दोन्हीकडे उघडून बघा.

बाकीचे प्रॉब्लेम पण याच जातीचे असतात, घाबरू नका. ग्नोम किंवा केडीई मागच्या मागे बरंच काही चालू करून देतात, साधा विंडो मॅनेजर देत नाही. पासवर्डची खिडकी येत नाही तर पोलकिटचा, म्हणजे ॲडमिनची परवानगी तपासणाऱ्या सर्व्हिसचा एजंट चालू नसतो. थीम-फॉन्ट वेगळेच दिसले तर एक्ससेटिंग्जडी हा ॲपना थीम-फॉन्टची सेटिंग देणारा प्रोग्राम लावून बघा. वेलँडवर, म्हणजे एक्स११ च्या जागी आलेल्या नव्या ग्राफिक्स व्यवस्थेवर मात्र एक्सप्रोफाईल वाचली जाईलच असं धरू नका, आधी एक्सडीजी सेशन टाईप हे व्हेरिएबल बघा, सेशन एक्स११ की वेलँड ते त्यात कळतं. स्वे या वेलँडच्या विंडो मॅनेजरवर जावा ॲप सहसा एक्सवेलँडमधून, म्हणजे वेलँडवर एक्स११ ची ॲप चालवणाऱ्या सोयीतून चालतं आणि तिथेही राखाडी विंडो दिसली तर तेच व्हेरिएबल लागतं.

मदत मागताना चार गोष्टी लिहाच: विंडो मॅनेजर कोणता, सेशन एक्स११ की वेलँड, ॲप टर्मिनलमधून उघडलं की मेनूतून, आणि त्या एन्व्हायरन फाईलमधे काय दिसलं. फाईल चिकटवण्याआधी त्यात पासवर्ड किंवा टोकन असेल तर काढून टाका.