स्कूल बसवर ड्रायव्हर म्हणून लागताय? मग ही तयारी करून ठेवा

हेवी गाडीचं लायसन्स, मेडिकल वगैरे झालेलंच असणार, त्यात वेळ घालवत नाही. गाडी नीट चालवता येते म्हणून बिनधास्त राहू नका, कारण मुलांना जास्त धोका असतो तो चढता-उतरताना, बसच्या आसपासच्या तीनेक मीटरमध्ये, म्हणून तयारीही तिथूनच सुरू करा.

पहिलं काम आरसे. सीट आपल्या मापाची करून मगच आरसे लावायचे, उलटं नाही. मग पुढच्या बंपरसमोर पहिलीतल्या पोराच्या उंचीचं काहीतरी उभं करायचं आणि सीटवर बसून दिसतंय का बघायचं, नाही दिसलं तर आरसे परत फिरवा, नाहीतर मालकाकडून पुढचा गोल आरसा बसवून घ्या, लाजायचं काय त्यात.

रूट सुट्टीच्या दिवशी नाही, शाळेच्या वेळेलाच रिकामी बस घेऊन फिरून या. लांब बस वळताना मागची चाकं आतून कापतात आणि शेपटी उलट्या बाजूला बाहेर जाते, तिथे पार्क केलेल्या बाईक असतातच. रिव्हर्स घ्यावाच लागणार असेल तर सकाळी मुलं आधी आत घ्यायची मग मागे, आणि दुपारी आधी मागे घेऊन मग मुलं सोडायची, म्हणजे रिव्हर्सच्या वेळी एकही पोर खाली नसतं.

रोज सकाळी टायर, चाकाचे नट, खाली ऑइलचा डाग, एअर ब्रेक असेल तर प्रेशर पूर्ण चढेपर्यंत गाडी हलवायची नाही. लाईट नुसते लावून बघू नका, पुसा पण. अमेरिकेत १९३९ साली स्कूल बसला पिवळा रंग ठरवला तो पहाटेच्या अंधुक उजेडातही लांबून दिसावा म्हणून, पण मागचे दिवे धुळीने माखलेले असतील तर ब्रेक मारलेला कळणार कसा. इमर्जन्सी दरवाजा आतून-बाहेरून दोन्हीकडून उघडून बघा (त्याच्यासमोर दप्तरांचा ढीग हमखास असतो), फायर एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्यात हवा.

मुलांची यादी स्टॉपप्रमाणे लिहून जवळ ठेवा, कोणाला कोणाच्या ताब्यात द्यायचं, फिट येते का, अ‍ॅलर्जी आहे का, सगळं त्यात. मुलांना पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट पक्की सांगा की बसखाली डबा-बॉल काही पडलं तर स्वतः वाकायचं नाही, ड्रायव्हर काकांना सांगायचं. आणि उतरताना दप्तराचा पट्टा किंवा जॅकेटची दोरी हँडलला अडकते, ते बघितल्याशिवाय दार बंद करून निघायचं नाही.

स्वतःचं म्हणाल तर झोप पूर्ण हवी आणि सर्दीची गोळी घेताना विचारून घ्या कारण बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. फोन बॅगेत. ४० च्या स्पीडला एका सेकंदात बस ११ मीटर पुढे जाते, म्हणजे नाव वाचेपर्यंत पुढचा स्टॉप आला.

ट्रिप संपली की इंजिन बंद करून मागच्या सीटपर्यंत चालत जायचं, सीटखाली वाकून बघत, लहान मुलं झोपून खाली घसरतात आणि आरशात दिसत नाहीत. काही बसमध्ये ड्रायव्हर शेवटपर्यंत चालत जावा म्हणून मागे एक बटण असतं, पण ते दाबलं म्हणजे बघितलं असं होत नाही. परत येताना वायपर फाटलाय, सीट हलतेय, जे काय असेल ते तेव्हाच लिहून द्या, सकाळी निघायच्या वेळेला मेकॅनिक कोणाला भेटत नाही.