सिगारच्या पेटीची गिटार: तारांनी घेतलेली परीक्षा

मामेभावाने सिगारची रिकामी पेटी दिली. तिला सागवानी पट्टी जोडून तीन तारांची गिटार केली. लाकूडकाम जमलं, पंचाईत झाली ती तारांपाशी.

जी-डी-जी (पाश्चात्त्य स्वरांची नावं) असं ट्यूनिंग हवं होतं. मी गिटारच्या सहा तारांच्या सेटमधल्या सगळ्यात बारीक तीन तारा लावल्या: जी, बी, ई. म्हणजे ई तीन अर्धस्वर वर ताणायची! खुंटी पिळत गेलो आणि फट्‌! तार गालाजवळून गेली. (चष्मा घाला, खरंच सांगतो.)

मग इलेक्ट्रिक गिटारच्या 10-46 (सगळ्यात बारीक तार 0.010 इंच, सगळ्यात जाड 0.046) सेटमधली पाचवी, चौथी आणि तिसरी तार घेतली. पाचवी ए एक स्वर उतरवून जी केली, बाकी दोन जशाच्या तशा. झालं की सा-प-सा! तानपुरा ऐकलेल्या कानाला ट्यूनरची फारशी गरज पडत नाही.

तरी बाराव्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या पट्टीवर) सूर चढाच. नटपासून (खुंट्यांजवळ तारा टेकतात ती पट्टी) तिथवर 32 सेंमी, म्हणून मी घोडी (पेटीवर तारा टेकतात ती) बरोबर 64 वर चिकटवली होती. पण तार दाबली की थोडी ताणली जाते, हे कोण लक्षात घेणार? घोडी उखडली, जाड तारेकडे साधारण 3 मिमी मागे सरकवली, बारीक तारेकडे त्याहून कमी. आता ती नुसत्या तारांच्या दाबावर उभी आहे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर जुळेपर्यंत बोटाने ढकलत राहायचं.

नव्या तारा दोन दिवस उतरतच होत्या. खुंटीवर दोन-तीन वेढे ठेवले, हलकेच ओढून पुन्हा जुळवल्या.