कपडे धुण्याच्या सिंकचं काम: आधी निचरा, मग नळ

नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या घराला मागे चार बाय सात फुटांचा व्हरांडा आहे. तिथल्या मोरीवर बसून मी बत्तीस वर्षं कपडे धुतले. मग गुडघे बोलायला लागले, डॉक्टरांनी उकिडवं बसणं बंद करायला सांगितलं, आणि त्याच व्हरांड्यात मशीनच्या बाजूला एक खोल सिंक बसवायचं ठरलं. हे काम आमच्याकडे दोनदा झालं. पहिलं फोडावं लागलं. दुसरं मी आणि माझ्या भाच्याने मिळून केलं, तो आयटीआयमध्ये शिकलेला आहे. ते आजवर ठीक चालू आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पहिल्या वेळी आम्ही सगळे सिंक आणि नळ पाहण्यातच गुंतलो होतो. पाणी जाणार कुठून, हे कोणी विचारलंच नाही. ज्यांनी काम केलं त्यांनी सिंकखालून नळीचा पाइप सरळ भिंतीबाहेरच्या चेंबरमध्ये सोडला, मध्ये ट्रॅप (पाणी अडवून वास रोखणारा वाकडा तुकडा) नाही आणि उतारही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "पाणी जाऊन राहिलं ना काकू, मग कशाला काळजी?" पाणी जात होतं खरं. पण पंधरा दिवसांत खोलीत गटाराचा वास आणि रात्री झुरळं. दोन महिन्यांत कपड्यांच्या धाग्यांचा लगदा साचून पाइप पार बंद.

म्हणून सुरुवात निचऱ्यापासून करा. सिंकचं पाणी घराबाहेरच्या गली ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाणी गटारात जाण्याआधीच्या जाळीच्या कुंडीत, पडलं पाहिजे, पावसाच्या पाण्याच्या नालीत नाही. सिंकपासून तिथपर्यंतचं अंतर टेपने मोजा. आमचं तीन मीटर निघालं. उतार चाळीसास एक, म्हणजे मीटरमागे अडीच सेंटिमीटर. तीन मीटरला साडेसात सेंटिमीटर. गली ट्रॅपकडचं टोक आधी पक्कं करायचं आणि तिथून मागे सिंककडे चढत यायचं. अंदाजाने नाही, पाणसळ लावून. उतार नसला तर पाणी रेंगाळतं आणि धागे तळाशी बसतात.

जमिनीखालचा पाइप ५० मिलिमीटरचा घ्या. हात धुण्याच्या बेसिनला ३२ चालतो, पण इथे साबण, धागे, कधी मुलांच्या पॅन्टच्या खिशातली माती, सगळं एकाच वाटेने जातं. वळणावर काटकोनी एल्बो नको, दोन ४५ अंशांचे बेंड लावा, आणि निदान एका वळणावर डोअर बेंड, म्हणजे झाकण असलेला बेंड, ठेवा. झाकण उघडून तार घालता येते. हे झाकण फरशीखाली गाडलं तर त्याचा काहीच उपयोग नाही, तेव्हा त्याची जागा आधी ठरवा.

सिंकखाली ट्रॅप हवाच. त्याच्या वाकात पाच सेंटिमीटर पाणी अडून राहतं आणि तेच वास नि झुरळं थांबवतं. आता सिंकची उंची. माझी उंची पाच फूट, म्हणून काठ जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर घेतला. सिंक २५ खोल, म्हणजे तळ ५५ वर. कपलिंग (सिंकच्या तळाच्या भोकातला जोड) आणि ट्रॅपसाठी आणखी पंधरा सोडले, तेव्हा भिंतीतला निचऱ्याचा तोंडबिंदू ४० वर आला. तुमचं सिंक वेगळं असेल तर हा हिशोब भिंत फोडण्याआधी स्वतः करा. उभं राहून कोपर वाकवून पाहा. तळाला हात लावताना पाठ वाकत असेल तर काठ अजून वर घ्या.

पाण्याची लाइन आम्ही सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिक पाइपची, केली. पाइपवर आयएस १५७७८ छापलेलं पाहून घ्या. घरी गीझर नसला तरी सीपीव्हीसीच घ्यावा असं मला वाटतं, कारण आपल्याकडे मे महिन्यात गच्चीच्या टाकीतून येणारं पाणीच अंगाला भाजतं. थंड पाण्याच्या पांढऱ्या यूपीव्हीसी पाइपचे फिटिंग त्याला बसत नाहीत, दोघांचं बाहेरचं माप वेगळं असतं, आणि चिकटवायचं सॉल्व्हंटही वेगळं. इतवारीतल्या लोहा ओळीत एकाच दुकानात सगळं मिळालं, पण दुकानदाराने दोन्ही डबे शेजारी ठेवले होते. डब्यावरचं नाव वाचूनच घ्या.

टाकीपासून पाऊण इंची लाइन आणि नळाच्या फांदीला अर्धा इंच. टाकीतलं पाणी नळाहून पाच मीटर उंच असलं तरी दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम अर्धा किलो पडतो, त्यात पाइप बारीक केला तर धार मिळत नाही. गरम पाणी डावीकडे, थंड उजवीकडे. नळाच्या जागी ब्रासचे आटे असलेलाच एल्बो लावा, प्लॅस्टिकचे आटे नळ आवळताना फाटतात. आट्यांवर टेफ्लॉन टेप आवळायच्या दिशेने आठ-दहा वेढे.

पाइप सरळ कापा, आतला बाहेरचा भुसा काढा आणि आधी कोरडं बसवून खूण करा. मग फिटिंगच्या आत पातळ आणि पाइपवर जरा जाड सॉल्व्हंट लावा, पाव वळसा देत आत ढकला आणि अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर पाइप मागे सरकतो. हे काम सकाळी सहा ते नऊ. दुपारच्या उन्हात पाइप जोडायच्या आतच सॉल्व्हंट वाळतं. भाच्याने एक जोड असाच वाया घालवला आणि मग आम्ही उजाडताच कामाला लागायचो. गच्चीवरच्या उघड्या पाइपला पांढरा रंगही द्या, ऊन प्लॅस्टिकला ठिसूळ करतं.

प्लॅस्टरची घाई करू नका. जोड चोवीस तास वाळू द्या, नळांच्या जागी डमी, म्हणजे तोंड बंद करणारी बुचं, लावा आणि हाताचा टेस्टिंग पंप कोणाकडून तरी आणा. पाच-सहा किलो दाब देऊन रात्रभर ठेवला, सकाळी काटा तिथेच होता. मगच भिंत बुजवली. त्याआधी मोजायची टेप भिंतीला लावून उघड्या पाइपांचा फोटो काढा. पुढे कोणी ड्रिल घेऊन आलं की तोच फोटो दाखवायचा.

मशीनचं म्हणाल तर फुल्ली ऑटोमॅटिकला पंप असतो, तिचा पाइप सिंकच्या काठावर अडकवता येतो. पण तो निचऱ्यात घट्ट कोंबू नका, हवेला जागा हवी, नाहीतर सायफन होऊन मशीनमधलं पाणी आपोआप खाली जातं आणि मशीन पुन्हा भरत राहते. बऱ्याच सेमी ऑटोमॅटिकला पंपच नसतो. तिचा पाइप खालीच सोडावा लागतो, तेव्हा जमिनीवरचा नहाणी ट्रॅप, म्हणजे मोरीच्या फरशीतला जाळीचा निचरा, बुजवू नका. शेजारच्या वहिनींनी बुजवला आणि नवीन फरशी फोडावी लागली.

नळ उंच मानेचा घेतला, बाजूला नळी लावता येईल असा एक साधा नळ दिला. उन्हाळ्यात कूलर त्याच नळीने भरतो. प्रत्येक नळाखाली अँगल कॉक, म्हणजे तेवढ्याच नळाचं पाणी बंद करायची छोटी चावी, आहेच. बोअरचं पाणी असेल तर नळाची जाळी महिन्याने काढून लिंबाच्या रसात ठेवा, पांढरा थर सुटतो.

शेवटची चाचणी: सिंकखाली सगळ्या जोडांखाली कोरडा पेपर अंथरा, सिंक काठोकाठ भरा आणि त्याच्या तळाचं बूच एकदम काढा. पेपरवर एकही डाग पडला नाही तर काम झालं.

आणि मे महिन्यात गावी जाणार असाल तर निघताना ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर दोन चमचे गोडं तेल सोडा. इथल्या उन्हात ट्रॅपमधलं पाणी उडून जातं आणि तीन आठवड्यांनी कुलूप काढलं की घरभर वास. तेलाचा थर पाणी उडू देत नाही. नहाणी ट्रॅपलाही तेच करा.