पर्सनॅलिटी थिअरीज डोक्यात बसवायच्या कशा, पाठांतर न करता

सायकॉलॉजी घेतलं की हा पेपर चुकत नाही, आणि बहुतेक जण तो एकाच पद्धतीनं करतात, म्हणजे फ्रॉईडचे तीन, एरिक्सनचे आठ, कॅटेलचे सोळा, आयसेंकचे तीन, बिग फाइव्हचे पाच असे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहायचे, घोकायचे आणि पेपरात ओतून मोकळं व्हायचं. मार्क पडतात, नाही असं नाही. पण नंतर कुणी साधं विचारलं की फ्रॉईड आणि रॉजर्सचं नक्की कशावरून पटत नाही, तर त त प प. ज्यांना परीक्षा-बिरीक्षा काही नाही, नुसतं माणसं कळावीत म्हणून वाचायचंय, त्यांचे तर अजून हाल होतात, कारण त्यांना वाटतं यातली एक थिअरी खरी असणार आणि बाकीच्या खोट्या, आणि मग ती खरी कुठली हे शोधत बसतात.

माझं सांगणं एवढंच, की थिअरी उघडण्याआधी एक प्रश्न विचारा: हा बाबा रोज कुणाला बघत होता? त्याच्या समोर कोण बसलेलं असायचं? ते कळलं की अर्धी थिअरी आपोआप कळते, आणि ती कुठं कमी पडणार तेही कळतं.

आधी समोरची माणसं बघा

फ्रॉईडपासून सुरू करू, सगळे तिथूनच करतात. व्हिएन्नात बेर्गगासे १९ या पत्त्यावर तो १८९१ पासून १९३८ पर्यंत राहिला, पेशंटही तिथंच बघायचा, मग नाझी आल्यावर लंडनला गेला आणि १९३९ साली वारला. त्याच्या कोचावर आडवी व्हायची ती बरीचशी खात्यापित्या घरातली माणसं, हात लुळा पडलाय, आवाज गेलाय, पण शरीरात डॉक्टरांना काही सापडत नाही अशी. आता रोज अशीच माणसं बघणाऱ्याला काय वाटणार? की आत काहीतरी दाबून ठेवलंय आणि ते भलत्याच वाटेनं बाहेर येतंय. झालं, अबोध मन आलं, संरक्षण यंत्रणा (नको ते विचार दूर ठेवायच्या मनाच्या युक्त्या) आल्या, आणि १९२३ साली इदम् (आतली ओढ), अहम् (व्यवहार सांभाळणारा मी), पराहम् (आतला नीतीचा आवाज) ही तिघांची मांडणी पक्की झाली. आणि गंमत बघा, लहानपणाबद्दल एवढं ठासून लिहिणाऱ्या माणसानं लहान मुलं फारशी तपासलेलीच नाहीत, छोट्या हान्सची जी प्रसिद्ध केस आहे ती मुख्यतः हान्सच्या वडिलांनी कळवलेल्या माहितीवर उभी आहे.

युंग झुरिकच्या बुर्घोल्झली हॉस्पिटलमध्ये कामाला होता, तिथं भ्रम होणारे, वास्तवाशी संबंध सुटलेले पेशंट, त्यांच्या बोलण्यात त्याला जुन्या पुराणकथांसारख्या प्रतिमा दिसायला लागल्या, म्हणून सामूहिक अबोध मन, म्हणजे सगळ्या माणसांत सारखाच असलेला मनाचा खोल थर. ॲडलर सुरुवातीला डोळ्यांचा डॉक्टर, नंतर जनरल प्रॅक्टिस, स्वतः लहानपणी मुडदूस झालेला, त्यामुळं शरीरातली उणीव आणि ती भरून काढायची धडपड हा त्याचा धागा. आपण ऊठसूट न्यूनगंड म्हणतो ना, तो त्याच्याच थिअरीचा. १९११ साली तो फ्रॉईडपासून वेगळा झाला, पाठोपाठ युंगही.

मास्लोनं उलटं केलं, आजारी माणसं सोडून चांगली फुललेली माणसं निवडली आणि यांच्यात काय आहे ते बघितलं. (ती पिरॅमिडची आकृती त्याची नव्हे बरं का, १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिड नाही, तो नंतर दुसऱ्यांनी काढला.) रॉजर्सकडं शिकागो युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलिंग सेंटरमध्ये येणारी माणसं स्वतःबद्दल बोलू शकणारी होती, म्हणून त्याचा माणसावर एवढा भरवसा. स्किनरसमोर उंदीर आणि कबुतरं, त्यामुळं मनात काय चाललंय हा प्रश्नच त्यानं बाजूला ठेवला आणि वागण्याचा परिणाम काय होतो, म्हणजे बक्षीस की शिक्षा, त्यावरून वागणं घडतं एवढंच धरलं. बांडुरानं स्टॅनफर्डच्या नर्सरीतली ७२ मुलं घेतली आणि १९६१ साली दाखवलं की मोठ्या माणसाला बोबो डॉल (हवा भरलेला बाहुला) बडवताना नुसतं बघून मुलं तसंच बडवतात, कुणी बक्षीस द्यावं लागत नाही, शिक्षा लागत नाही. स्किनरच्या हिशोबात हे बसत नव्हतं.

आणि ऑलपोर्टसमोर काय होतं? डिक्शनरी! १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी वेबस्टर डिक्शनरी चाळून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द काढले. यामागचा विचार साधा आहे, जे गुण लोकांना रोजच्या व्यवहारात महत्त्वाचे वाटतात त्यांना भाषेत शब्द तयार झालेलेच असणार. कॅटेलनं त्या यादीवरून पुढं फॅक्टर ॲनालिसिस करत (एकत्र येणारे गुण गणितानं एका गटात बांधत) सोळा घटक काढले, १६ पीएफ टेस्ट १९४९ ची. आयसेंकनं दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या मिल हिल हॉस्पिटलमधल्या ७०० सैनिकांच्या माहितीवरून सुरुवात केली आणि त्याला दोनच मिती पुरल्या, तिसरी त्यानं नंतर जोडली. मग १९६१ साली अमेरिकन हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना तेच तेच पाच घटक पुन्हा पुन्हा सापडले, गोल्डबर्गनं पुढं त्यांना बिग फाइव्ह नाव दिलं, आणि कोस्टा-मॅक्रे यांची १९९२ ची २४० प्रश्नांची टेस्ट आली. ओपननेस (नव्याची ओढ), कॉन्शिएन्शसनेस (शिस्त, नेटकेपणा), एक्स्ट्राव्हर्जन (बहिर्मुखता), ॲग्रीएबलनेस (जुळवून घेणं), न्यूरॉटिसिझम (चटकन अस्वस्थ होणं). आज रिसर्चमध्ये चलती याचीच.

इथं ऑलपोर्टचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२० साली, बावीस वर्षांचा असताना, हा पठ्ठ्या फ्रॉईडला भेटायला गेला. फ्रॉईड काहीच बोलेना, नुसता बघत बसला, तेव्हा अवघडून जाऊन यानं येताना ट्राममध्ये पाहिलेली गोष्ट सांगितली, चारेक वर्षांचा एक मुलगा होता, त्याला घाणीची भयंकर भीती, इथं बसायचं नाही, त्या घाणेरड्या माणसाच्या शेजारी बसायचं नाही, आणि आई कशी कडक इस्त्रीतली होती वगैरे. फ्रॉईडनं शांतपणे विचारलं, तो मुलगा म्हणजे तुम्हीच का? ऑलपोर्ट चाटच पडला. पुढं तो म्हणायचा की खोल खणायच्या नादात समोरचं साधं कारण सुटतं, माणसाला त्याचा हेतू आधी सरळ विचारावा. दोन थिअरींमधला फरक या एका भेटीत मावतो, पेपरात लिहायलाही झकास आहे.

मग एकच केस घ्या आणि सगळ्यांना दाखवा

हे मुख्य काम. दर थिअरीला पुस्तकातलं वेगळं उदाहरण पाठ करू नका, एक माणूस पकडा आणि तोच सगळीकडं फिरवा. माझी नेहमीची केस काल्पनिक आहे पण असे लोक तुम्हीही बघितले असतील: सव्वीस वर्षांचा मुलगा, पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहतो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, अभ्यास खरंच चांगला आहे, पण मेन्सच्या आदल्या रात्री ताप भरतो. दर वेळी. वडील तहसील कचेरीत क्लार्क, आणि याला व्हायचंय तहसीलदार.

फ्रॉईड त्या शेवटच्या वाक्यावर थांबेल. वडिलांच्या पुढं जायचंय आणि पुढं जायचा अपराधही वाटतोय. हे मी ओढूनताणून सांगत नाहीये, त्यानं स्वतःबद्दलच हे लिहिलंय, १९०४ साली अथेन्सला ॲक्रॉपोलिसवर उभं असताना त्याला जे विचित्र वाटलं त्याचं कारण १९३६ च्या लेखात त्यानं हेच दिलं, की वडिलांपेक्षा लांब पोचल्याची टोचणी. ॲडलर तापाकडं दुसऱ्या बाजूनं बघेल: ताप कशामुळं आला यापेक्षा तो कशासाठी आला? पेपर दिलाच नाही तर ‘दिला असता तर निघालाच असता’ हे वाक्य शाबूत राहतं, नापास झालेल्याला ते मिळत नाही. मला स्वतःला या केसमध्ये ॲडलर सगळ्यात जवळचा वाटतो.

स्किनर म्हणेल, ताप आल्यावर पुढं काय होतं ते सांगा. पेपर टळतो, छातीतली धडधड थांबते, गावाहून आई येते, मऊ भात मिळतो. धडधड थांबणं हे नकारात्मक प्रबलन, आणि इथं शंभरातले नव्वद जण पेपरात नकारात्मक प्रबलनाला शिक्षा म्हणून येतात, तर तसं नाही, त्रासदायक गोष्ट निघून गेल्यामुळं वागणं वाढतं ते नकारात्मक प्रबलन. बांडुरा त्याचा ‘मला जमेल’ हा विश्वास तपासेल, आणि तो कुठून येतो तेही: स्वतः आधी काही जमवलंय का, आपल्यासारख्या कुणाला जमलेलं बघितलंय का, कुणी धीर देतंय का, आणि शरीर काय सांगतंय. रूममेट दोनदा आपटला असेल तर तेही मोजायचं. रॉटर, म्हणजे यशापयशाची सूत्रं माणूस स्वतःच्या हातात मानतो की बाहेरच्या, हे बघणारा, तो ऐकेल की हा ‘सगळं वशिल्यावर चालतं’ म्हणतो की ‘माझा अभ्यास कमी पडला’ म्हणतो. रॉजर्स विचारेल, घरात याचं कौतुक कधी व्हायचं? फक्त मार्क आल्यावर? मग खरा मी आणि हवा असलेला मी यांच्यात दरी पडणारच. एरिक्सननं आयुष्याच्या आठ पायऱ्या मांडल्या, म्हणून तो वय बघेल, बरोबरीच्या मित्रांची लग्नं होतायत आणि हा अजून ‘मी कोण’ याच पायरीवर.

बिग फाइव्हवाला यातलं काहीच विचारणार नाही, तो फॉर्म भरून घेईल आणि सांगेल, न्यूरॉटिसिझम जास्त, कॉन्शिएन्शसनेसही जास्त. अंदाज बांधायला याचा उपयोग आहे, पण ताप आदल्या रात्रीच का हे त्यातून कळत नाही. तिथं वॉल्टर मिशेलला बोलवायचं. १९६८ साली त्यानं सगळ्यांच्या शेपटीवर पाय दिला, गुणविशेषाच्या स्कोअरवरून एखाद्या प्रसंगातलं वागणं ओळखायला गेलं तर सहसंबंध (पूर्ण जुळलं तर १, काहीच जुळलं नाही तर ०) जेमतेम ०.३० च्या आसपास भरतो म्हणाला. पुढं उन्हाळी शिबिरातल्या मुलांचा अभ्यास करून त्यानं आणि त्याचा सहकारी शोडानं दाखवलं की प्रत्येकाचा ‘असं झालं तर तो तसं वागतो’ असा ठरलेला पॅटर्न असतो. आपल्या मुलाला प्रिलिम्सला ताप येत नाही, क्लासच्या टेस्टला येत नाही, मेन्सलाच येतो. हे लिहून काढलं की केस एकदम उघडते.

बघा, यातलं कुणीच दुसऱ्याला खोटं पाडत नाहीये, प्रश्नच वेगळे आहेत. अर्थात म्हणून सगळ्या सारख्याच भक्कम असंही समजू नका, बिग फाइव्ह, बांडुरा यांच्यामागं मोजमाप आहे, फ्रॉईडच्या बऱ्याच गोष्टी खऱ्या की चूक हे तपासून बघायची सोयच नाही.

स्वतःवर करून बघायची एक गोष्ट

जॉर्ज केली फार कमी जण नीट वाचतात, कारण नाव कोरडं आहे, पर्सनल कन्स्ट्रक्ट थिअरी, १९५५. पण करून बघायला तीच सगळ्यात सोपी. कागदावर ओळखीच्या माणसांची नावं लिहा, आई, वडील, आवडलेले सर, डोक्यात गेलेले सर, जवळचा मित्र, जिच्याशी बिनसलं ती व्यक्ती, आणि स्वतः. आता कुठलीही तीन उचला आणि विचारा, यातली कुठली दोन एकसारखी आणि तिसरं वेगळं, कशात? समजा लिहिलंत की आई आणि ते सर ‘बोललेलं लक्षात ठेवतात’ आणि तिसरा ‘विसरतो’. ही जोडी बाजूला लिहा. दुसरी तीन घ्या. आठ-दहा जोड्या झाल्या की बघा, कुठली परत परत येतेय. कुणाची सगळी यादी हुशार-ढ या एकाच रेषेवर फिरते, कुणाची आपला-परका यावर. त्या जोड्या म्हणजे तुमचा चष्मा, माणसं नव्हेत. विरुद्ध टोक मात्र डिक्शनरीतलं घेऊ नका, तुमच्या मनातलं घ्या. ‘शांत’च्या समोर कुणी ‘बडबड्या’ लिहितं, कुणी ‘खरं बोलणारा’ लिहितं, आणि खरी माहिती तिथंच असते.

आपल्याकडचं काही घ्यायचं असेल तर दासबोधाचं दुसरं दशक उघडा, मूर्खलक्षणांपासून पढतमूर्खापर्यंत, मध्ये रज, तम, सत्त्व. स्वतःची स्तुती करणारा, वडिलांची कीर्ती सांगत फिरणारा, अशी लक्षणं एकेक उचलून बिग फाइव्हच्या पाच खणांत टाकायचा प्रयत्न करा. काही चटकन बसतात, काही कुठंच बसत नाहीत, आणि गुणविशेष म्हणजे काय हे त्या झटापटीत जास्त कळतं.

टेस्ट दिलीत तर

ऑनलाइन टेस्टचा रिझल्ट वाचून ‘अरे हे तर मीच’ असं वाटलं की आधी फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाला आठवा. त्यानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांना टेस्ट दिली आणि नंतर प्रत्येकाच्या हातात तुझं वर्णन म्हणून एकच मजकूर ठेवला, तो पण स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातनं उचललेला. मुलांनी पाचपैकी सरासरी ४.२६ मार्क दिले.

चार अक्षरांच्या सोळा टाइपवाली जी एमबीटीआय ऑफिसांत चालते, ती युंगच्या १९२१ च्या प्रकारांवरून ब्रिग्स आणि मायर्स या मायलेकींनी बनवली, आणि त्यात ज्याचा स्कोअर मधोमध येतो त्याची पंचाईत होते, एक-दोन उत्तरं फिरली की अक्षर फिरतं. गप्पांना ठीक आहे, त्यावर करिअर ठरवू नका. बिग फाइव्हमध्ये स्कोअर पट्टीवर असतो, तो कुणाशी तुलना करून दिलाय ते बघा, अमेरिकन कॉलेजच्या मुलांशी की भारतातल्या नोकरदारांशी, पर्सेंटाइल त्यानं बदलतो. ‘हे निम्मं आनुवंशिक असतं’ असं वाचलंत तर ते लोकांमधल्या फरकांबद्दल आहे, तुमच्यातला अर्धा भाग आईबाबांकडून आला असा त्याचा अर्थ होत नाही. आणि हे पाच घटक जगात सगळीकडं सापडतात असं छातीठोक लिहिण्याआधी बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांवरचा २०१३ चा अभ्यास लक्षात ठेवा, तिथं ते पाच नीट निघालेच नाहीत.

पेपरात उत्तर लिहिताना सरळ याच क्रमानं जा: समोर कोण होतं, त्यावरून काय म्हणाला, केसवर लावून दोन ओळी, कुठं कमी पडतो. शेल्डनच्या जाड्या-बारीक शरीरप्रकारांवर पान भरू नका, दोन वाक्यं पुरतात.